गुणांची गणना : महेश्वरापासून कॅनडापर्यंत

इंदुरात सायंकाळच्या आरतीनंतर वडीलधारी मंडळी मंडपाच्या पायऱ्यांवर टेकली, म्हणजे पूर्वी एक विचारणा हमखास कानी पडे : "पत्रिका जुळली का? गुण किती आले?" आज त्याच पायऱ्यांवर तोच प्रश्न निराळ्या अर्थाने विचारला जातो. मुलगा अभियंता असतो, सून संगणकशास्त्र शिकलेली असते, आणि कॅनडा किंवा ऑस्ट्रेलिया येथे कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळण्याइतके गुण त्यांच्या पदरी आहेत की नाहीत, याची चर्चा चालते. बाहेरच्या माणसाचे गुण पाहून त्यास आपल्या राज्यात वसवावे, ही कल्पना नवी आहे काय? आणि पाहणारा नेमके काय पाहतो? इतिहासाच्या आधारे याचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

आपल्या प्रांतापुरते पाहू गेल्यास प्रथम महेश्वरचे स्मरण होते. अहिल्यादेवींनी १७६७ ते १७९५ या काळात नर्मदाकाठच्या या नगरातून राज्य केले. सुरतेसह निरनिराळ्या गावांतील निष्णात विणकर त्यांनी बोलावून आणले आणि त्यांस येथे स्थिर केले, असे परंपरा सांगते. त्या विणकरांपाशी कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. त्यांच्या हातचे कापड हीच त्यांची परीक्षा. महेश्वरच्या किल्ल्यावरील नक्षी लुगड्यांच्या काठांवर उतरली, आणि महेश्वरी वस्त्राचा लौकिक आजतागायत टिकून आहे.

१८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली, तरी गुणिजनांस पाचारण करण्याची रीत चालूच राहिली. राज्यकारभारासाठी सर टी. माधवराव १८७३ मध्ये येथे आले. मूळचे होनावरचे सारस्वत गृहस्थ सर नारायण गणेश चंदावरकर मुंबईच्या उच्च न्यायालयातील न्यायाधीशपदानंतर १९१३ च्या सुमारास होळकरांचे दिवाण झाले. नागपूरचे क्रिकेटपटू सी. के. नायडू यांस महाराजांनी १९२३ मध्ये बोलावून आपल्या सैन्यात हुद्दा दिला; ते इंदूरचेच होऊन राहिले आणि १४ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला.

ही राजाश्रयाची पद्धत गुणग्राहक खरी. परंतु तीत एक मोठे वैगुण्य होते. ज्याच्यावर राजाची दृष्टी गेली त्याचे कल्याण झाले. तितक्याच योग्यतेचा दुसरा मनुष्य वेशीबाहेर राहिला, तर त्यास दाद मागण्यास जागा नव्हती. आश्रय हा प्रसाद होता, हक्क नव्हे.

पाश्चात्त्य वसाहतींत त्याच सुमारास याहून कठोर कसोटी लागू होती, आणि ती गुणांची नसून वर्णाची होती. कॅनडाने १९०८ मध्ये असा नियम केला, की येणाऱ्याने आपल्या देशातून वाटेत न थांबता, एकाच सलग प्रवासाने आले पाहिजे. हिंदुस्थानातून तशी आगबोटीची सोयच नव्हती. म्हणजे नियमात हिंदी माणसाचे नाव न घेता त्यास दार बंद झाले. १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' हे जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकूव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून पडले, आणि थोड्यांचा अपवाद करून बाकीच्यांस परत फिरावे लागले. स्वातंत्र्यानंतर, १९५१ च्या करारान्वये, भारतातून वर्षास १५० माणसे घेण्याचे ठरले. एवढ्या विशाल देशातून दीडशे!

हा इतिहास ध्यानी घेतला, म्हणजे १ ऑक्टोबर १९६७ रोजी कॅनडात अमलात आलेल्या गुणपद्धतीचे महत्त्व कळते. योगायोग असा, की नायडूंच्या निधनापूर्वी जेमतेम दीड महिना ही नवी रीत सुरू झाली. एकूण गुण १०० व उत्तीर्ण होण्यास ५०. आपल्या अष्टकूटात ३६ पैकी १८ लागतात. येथेही प्रमाण निम्म्याचेच. शिक्षणास २०, धंद्याच्या मागणीस १५, अधिकाऱ्याने प्रत्यक्ष भेटीत केलेल्या वैयक्तिक पारखीस १५. कौशल्य, वय, ठरलेली नोकरी आणि इंग्रजी-फ्रेंचचे ज्ञान यांस प्रत्येकी १०. तेथे असलेल्या नातलगांस ५ व जेथे जावयाचे त्या भागातील रोजगाराच्या स्थितीस ५. पस्तिशीपर्यंत वयाचे पूर्ण गुण, पुढे दर वर्षास एक वजा. जन्मभूमी आणि वर्ण यांस या कोष्टकात रकाना नव्हता. ज्यांच्या वडिलांस दारातून परत पाठविले गेले असते, त्यांस आता निदान परीक्षेस बसण्याचा अधिकार मिळाला. ही लहान गोष्ट नव्हे.

आता महेश्वरचा चाळीस वर्षांचा एक निरक्षर विणकर या कोष्टकात बसवून पाहू. शिक्षण, भाषा व नातलग यांचे शून्य. वयाचे ५. मागणी १५, कौशल्य १०, ठरलेले काम १० व स्थळाचे ५ असे सर्व उदार हाताने दिले, तरी बेरीज ४५ होते. उरलेले पाच गुण अधिकाऱ्याच्या वैयक्तिक पारखीवर अवलंबून! म्हणजे कोष्टकाच्या अखेरीस पुन्हा पारखी नजरच उभी राहते.

पुढे हे कोष्टक अधिक काटेकोर झाले. २०१५ पासून कॅनडात १२०० गुणांची नवी रीत आहे. तीत ठराविक उत्तीर्णांक नसून अर्जदारांची क्रमवारी लागते व वरच्यांस निमंत्रण जाते. वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ या वर्षांस, पंचेचाळिशीनंतर शून्य. ठरलेल्या नोकरीचे गुण मार्च २०२५ मध्ये रद्द झाले. भाषेच्या परीक्षेत किमान पात्रता नसेल तर यादीत नावच लागत नाही. आमचा विणकर आता वेशीपर्यंतही पोहोचणार नाही.

तरुणांनी जाऊ नये, असे या लेखकाचे म्हणणे मुळीच नाही. परंतु दोन गोष्टी विसरू नयेत. परवान्याचे गुण आणि तेथील धंद्याचा अधिकार या भिन्न बाबी होत. वैद्यकासारख्या व्यवसायात तेथील स्वतंत्र परीक्षा व नोंदणी पुढे उभ्याच असतात. दुसरे असे, की हे कोष्टक घेणाऱ्या देशाची गरज मोजते. माणसाची योग्यता मोजत नाही. ज्या घराने त्यास पंचवीस वर्षे वाढविले, त्या घराचा रकाना त्यात नाही. गुण कमी पडले म्हणून मुलाने, वा त्याच्या मातापित्यांनी, स्वतःस उणे मानण्याचे कारण नाही.

सोळाव्या शतकात आपले पूर्वज देवांस घेऊन कुशस्थळी व केळोशीहून नदीपार अंत्रुज महालात आले, तेव्हा त्यांचे वय वा विद्या कोणी मोजली नव्हती. त्यांस केवळ जागा मिळाली. त्या परागंदा समाजातून पुढे किती विद्वान, व्यापारी व न्यायाधीश निपजले, हे वाचकांस सांगावयास नको. त्या दिवशी नदीच्या काठावर कोणी कोष्टक घेऊन बसला असता, तर त्यास यांपैकी काहीही दिसले नसते.