मुक्ती मिशन, केडगाव

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी निराधार मुली व स्त्रियांसाठी उभारलेली ख्रिस्ती संस्था.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. तीर्थाटन करत फिरणारे त्यांचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात गेले. रमाबाई आणि त्यांचे बंधू मैलोन्‌मैल पायी भटकत राहिले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच सदनात शिकल्या.

सदनात कोणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असे वचन होते. पण रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी मदत छावण्यांमध्ये तरुण मुलींना वाईट नजरांपासून कोणी वाचवत नव्हते. हे पाहून त्यांनी शेकडो मुली सोबत आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून आधीच घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर झोपड्या, विहिरी आणि मग इमारती उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इथे नुसते जेवण मिळत नसे. अक्षरओळख, शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना अशी पोटापाण्याची कामे मुलींच्या हातांना शिकवली जात. रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी अंध मुलींना ब्रेल शिकवले. अत्याचारातून सुटलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा वेगळा विभाग होता. भूक सोसलेल्या बाईने भिक्षा लागू नये अशी व्यवस्था उभारली, हे मुक्तीचे खरे मोल.

केडगावचे कार्य उघडपणे ख्रिस्ती होते. घासाबरोबर धर्म यावा का आणि अनाथ लेकराला निवड ती किती, हा आक्षेप रास्त आहे आणि तो केवळ केडगावपुरता नाही. पण त्या दुष्काळात या मुलींसाठी दुसरी किती दारे उघडी होती, हेही विचारले पाहिजे. त्यांतल्या पुष्कळ जणींच्या बाबतीत उत्तर एकच येते: एकही नाही.

अखेरची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. मुक्तीतल्या मुलींनी आपल्याच छापखान्यात खिळे जुळवून छापलेले ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.