पहाटेच्या कळा आणि औषधांची कसोटी

एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत एक रुग्ण रोज रात्री छातीतल्या कळांनी जागा होत असे. लॉडर ब्रंटन हा विशीतला डॉक्टर त्या वेळी त्याच्या नाडीचा आलेख काढत असे. कळ आली की नाडीचा ताण वाढतो, हे त्या आलेखात दिसत होते. मग त्याने रक्तदाब उतरवणारे अमिल नायट्राइट फडक्यावर थेंब-थेंब टाकून रुग्णाला हुंगायला दिले. चेहरा लाल झाला आणि मिनिटभरात कळ थांबली. हा अनुभव १८६७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीन आधी स्वतः घेऊन पाहिले आणि मग रुग्णांना दिले.

आलेली कळ अशी थांबवता येऊ लागली. ती येऊच नये यासाठी काय द्यायचे, हे ठरायला मात्र आणखी शंभर वर्षे लागली.

माणूस शांत झोपलेला असताना कळ का यावी? पोटरीत पेटका येतो तसा हृदयाच्या धमनीतही येत असावा, अशी शंका जुन्या वैद्यांना होतीच. पण शवविच्छेदनात धमन्यांतले कायमचे अडथळे दिसू लागले आणि ही कल्पना मागे पडली. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसच्या मायरन प्रिन्झमेटल यांनी विश्रांतीत येणाऱ्या या वेगळ्या अंजायनाचे, म्हणजे हृदयाच्या कळांचे, ३२ रुग्ण मांडले. १९७३ मध्ये अँजिओग्राफी चालू असतानाच पेटका आलेली धमनी पडद्यावर दिसली आणि वाद बहुतांशी मिटला.

तोवर अंजायनावर बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग कमी करणारी औषधे) देण्याची रीत रुळली होती. श्रमाने येणाऱ्या दुखण्यात ते गुणकारी. पेटक्याच्या दुखण्यात मात्र अनेकांना त्यांचा उपयोग होत नव्हता. काहींच्या कळा उलट लांबत होत्या. त्यामुळे नवी औषधे नीट पारखून घेणे अगत्याचे झाले.

ही पारख अवघड होती, कारण हे दुखणे लहरी आहे. आठवडाभर रोज पहाटे छळते आणि पुढे कित्येक महिने फिरकत नाही. ते आपोआप शमत असताना दिलेली कोणतीही गोळी रामबाण ठरते. शिवाय पेटक्याच्या वेळी हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. अशा रुग्णाला तुलनेसाठी किती काळ नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी द्यायची, हा प्रश्न डॉक्टरांना खरोखर सतावत असणार.

इटलीतील पिसा येथे अत्तिलिओ मासेरी यांच्या पथकाने रुग्णांना अतिदक्षता विभागात ठेवले, त्यांचा ईसीजी अहोरात्र चालू ठेवला, आणि व्हेरापामिल हे कॅल्शियम रोखणारे औषध व दिखाऊ गोळी आलटून-पालटून दिली. मोजदाद ईसीजीतल्या बदलांची होती. अनेक पेटके काहीही न दुखता येऊन जातात, तेव्हा रुग्णाच्या सांगण्यावर विसंबून चालत नव्हते. मला तरी या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी योजना वाटते.

जपानमध्ये हिरोफुमी यासुए यांनी घड्याळालाच कामाला लावले. १९७९ च्या त्यांच्या अभ्यासात १३ रुग्ण पहाटे ट्रेडमिलवर चालले, तेव्हा तेराही जणांना कळ आली; दुपारी तोच व्यायाम केल्यावर फक्त दोघांना. म्हणजे सकाळी बिनऔषधाची आणि दुपारी औषधाची चाचणी घेतली असती, तर कसलीही पूड यशस्वी ठरली असती. पहाटेच घेतलेल्या चाचण्यांत डिल्टियाझेम या कॅल्शियम रोखणाऱ्या औषधाने कळा रोखल्या, प्रोप्रानोलोल या बीटा ब्लॉकरने नाही.

मॉन्ट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड वॉटर्स आणि पियेर थेरू यांनी पेटका मुद्दाम आणवला. त्यासाठी वापरले एर्गोनोव्हिन, म्हणजे बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवण्याचे औषध. मात्रा थोडी-थोडी वाढवत न्यायची, आणि कॅल्शियम रोखणारे औषध चालू असताना पेटका येतो का, ते पाहायचे. खेळ निखाऱ्यांशी होता. एर्गोनोव्हिनने आणलेला पेटका काही ठिकाणी सुटला नाही आणि रुग्ण दगावले. असा पेटका सोडवण्यासाठी नायट्रोग्लिसरीन थेट धमनीत देण्याची तयारी हवी, हा धडा त्यातून मिळाला.

१९८० मध्ये अमेरिकेत १२७ रुग्णांना निफेडिपिन हे आणखी एक कॅल्शियम रोखणारे औषध देण्यात आले. आठवड्याला सरासरी १६ असणाऱ्या कळा २ वर आल्या; ६३ टक्के रुग्णांच्या पूर्ण थांबल्या. तुलना त्याच रुग्णांच्या आधीच्या दिवसांशी होती, त्यामुळे आपोआप बरे झालेलेही त्यात धरले गेले असणार. तरी इतकी मोठी घट नुसत्या योगायोगाने होत नाही.

१९८६ मध्ये यासुए यांच्या गटाने अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन थेट धमनीत सोडून पेटका आणून दाखवला. या रसायनाचा असर काही क्षणांतच ओसरतो, त्यामुळे डावी आणि उजवी धमनी एकाच बैठकीत वेगवेगळी तपासता येऊ लागली.