साथ : बेगम बाजार, हैदराबाद

विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट काळात नेहमीपेक्षा स्पष्टपणे जास्त रुग्ण आढळू लागले की त्या रोगाची साथ आली असे म्हणतात. सगळी मदार ‘नेहमी’ या शब्दावर. हैदराबादेत पावसाळ्यात डेंग्यू असतोच. म्हणून चालू आठवड्याचा आकडा मागील काही वर्षांतील त्याच आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहतात आणि तो सवयीच्या चढउतारापलीकडे गेला तरच साथ मानतात. पोलिओचे ‘नेहमी’ शून्य आहे, म्हणजे एक रुग्णही नेहमीपेक्षा जास्तच. 2016 मध्ये शहराच्या सांडपाण्यात लसजन्य पोलिओ विषाणू सापडला, तेव्हा रुग्ण एकही नसताना सुमारे 3 लाख मुलांच्या लसीकरणाची मोहीम हाती घेतली गेली. हे योग्यच झाले.

आकडा बोलतो, पण नाव माणसे देतात.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठींचा ताप पाहून प्लेग ओळखला. तो शब्द उच्चारला की बंदर आणि व्यापार अडचणीत येणार, हे सर्वांना ठाऊक होते. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. सरकारला अफाट अधिकार देणाऱ्या या कायद्यात ‘साथ’ म्हणजे काय, याची व्याख्याच नव्हती. मराठी मुलखातल्या गावांनी स्वतःची खूण धरली होती : घरात उंदीर मरून पडू लागले की बिऱ्हाड माळावर हलवायचे.

निजामाच्या हैदराबाद राज्यालाही प्लेगने गाठले. अशा साथींची खूण शहराच्या बोलीत उरली आहे : नल्लाकुंट्याच्या सरकारी फीवर हॉस्पिटलला जुने हैदराबादी आजही ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. ‘क्वारंटीन’, म्हणजे विलगीकरण, लोकांच्या तोंडी असे रुळले.

बेगम बाजार हा याच शहरातला, मुसी नदीकाठचा मोठा घाऊक बाजार. मसाले, सुकामेवा, किराणा, भांडी यांच्या अरुंद गल्ल्यांत पाठीवर पोते घेतलेल्या हमालाला वाट द्यायची तर दुकानाच्या पायरीवर चढावे लागते. साथ आली तर तिथे अंतर राखणार कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 रोजी कोविडला महासाथ म्हटले. पुढे टाळेबंदी सैल झाली, दुकाने उघडली आणि जूनमध्ये शहरातली रुग्णसंख्या चढू लागली. महिनाअखेरीस इथल्या व्यापाऱ्यांनी सरकारी हुकमाची वाट न पाहता आठवडाभर आपणहून शटर खाली ओढले.