मायक्रोफिश : आकसलेल्या पानाची कुळकथा

मायक्रोफिश म्हणजे पोस्टकार्डाएवढा, १०५ × १४८ मिलिमीटरचा, सपाट फिल्मचा तुकडा. त्यावर पुस्तकाची किंवा अहवालाची पाने नखाएवढी करून रांगांनी बसवलेली असतात. वरच्या कडेला नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल अशी शीर्षपट्टी असते. बाकी सारे वाचायला रीडर नावाचे भिंगाचे यंत्र लागते. नावातल्या 'फिश'चा माशाशी काही संबंध नाही. हा फ्रेंच शब्द टोचणे, ठोकून बसवणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. आधी खुंटी, मग टाचून ठेवलेली चिठ्ठी, मग ग्रंथालयातले नोंदपत्र असा त्याचा अर्थ सरकत गेला. मराठीत 'टाचणे'वरून 'टाचण' झाले ते याच वाटेने. हीच टाचणे आता जगभर स्कॅनरखाली जात आहेत आणि त्यांच्या फाइली होत आहेत. पान आकसणे आणि पुन्हा उलगडणे ही या तंत्राची दोन अंगे पहिल्यापासून जोडीने आहेत. स्कॅनर हा दुसऱ्या अंगाचा ताजा अवतार आहे.

पान आकसण्याची सुरुवात इंग्लंडची. तिथला भिंगे-दुर्बिणी बनवणारा कारागीर जॉन बेंजामिन डान्सर याने १८३९ साली, म्हणजे छायाचित्रणाची कला जाहीर झाली त्याच वर्षी, वीस इंच लांबीचा कागद पाव इंचाच्याही निम्म्यात उतरवून दाखवला. पुढे १८५० च्या दशकात तो काचपट्ट्यांवर ठिपक्याएवढी चित्रे करून विकू लागला. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपका धरला की त्यातून राजघराण्यातली माणसे किंवा बायबलातल्या दहा आज्ञा दिसत. लोक गंमत म्हणून ती घेत. या युक्तीतून दप्तरखाना उभा राहील असे खुद्द डान्सरलाही वाटले नव्हते. पॅरिसच्या रेने दाग्रों याने १८५९ साली तिचे पेटंट घेतले, तेही दागिन्यांत बसवायच्या चिमुकल्या भिंगांसाठी.

या खेळण्याला काम मिळाले ते युद्धात. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरातून बाहेर जायला बलून होते; परत यायला मात्र फक्त कबुतरे. ती बलूनमधूनच बाहेर नेली जात आणि सोडली की घराच्या ओढीने शहरात परतत. पण कबुतर वाहून वाहून किती वाहणार? १२ नोव्हेंबर १८७० रोजी दाग्रों 'निएप्स' नावाच्या बलूनमधून बाहेर पडला. त्याचे सामान असलेले 'दाग्येर' नावाचे दुसरे बलून शत्रूच्या हाती लागले. जे उरले त्यावर त्याने तूर शहरात काम उभे केले. छापलेल्या संदेशांची पाने तो पापुद्र्यासारख्या कोलोडियन फिल्मवर उतरवी. एका फिल्मवर हजारो संदेश मावत. अशा फिल्मा गुंडाळून पिसाच्या पोकळ दांडीत भरत आणि ती कबुतराच्या शेपटीला बांधत. सारे मिळून वजन एका ग्रॅमच्या आतबाहेर भरे.

पॅरिसमध्ये पुढे जे होई ते या कुळकथेत जास्त महत्त्वाचे. गुंडाळी द्रावणात सोडून सैल करत, फिल्म दोन काचांमध्ये दाबत आणि मॅजिक लँटर्नने पडद्यावर मोठी करून पाडत. समोर बसलेले कारकून ती अक्षरे वाचून तारेच्या कागदांवर उतरवून काढत आणि ते कागद घरोघर जात. फिल्म काचेखाली दाबायची, उजेड आरपार सोडायचा, अक्षर ओळखायचे, ज्याचे त्याला पोचवायचे. आजच्या स्कॅनिंग केंद्रातली कामे याच क्रमाने चालतात. कारकुनाच्या जागी ओसीआर, म्हणजे अक्षरे ओळखणारी संगणकप्रणाली, आले एवढेच.

शांततेच्या काळात ही कल्पना ग्रंथालयवाल्यांनी उचलली. ब्रसेल्सला जगभरच्या पुस्तकांची नोंदपत्रे जमवणारा पॉल ऑतले आणि रसायनशास्त्रज्ञ रोबेर गोल्डश्मिट यांनी १९०६ साली एक निबंध छापला. पुस्तक बांधलेलेच असावे असे कुठे आहे, त्याची पाने ग्रंथालयाच्या कार्डाच्या मापाच्या फिल्मवर का बसवू नयेत, असा त्यांचा सवाल होता. नोंद ज्या आकाराची, त्याच आकाराचे पुस्तक, म्हणजे दोन्ही एकाच खणात. 'फिश' हा शब्द या वस्तूला चिकटला तो इथून.

तरी पुढची पन्नास वर्षे गाजवली फिल्मच्या रिळांनी. न्यूयॉर्कच्या बँकेतला जॉर्ज मॅकार्थी याने वटलेले चेक गिऱ्हाइकाला परत देण्याआधी त्यांचे छायाचित्र घेणारे यंत्र १९२० च्या दशकात बनवले. कोडॅकने ते विकत घेतले आणि १९२८ पासून रेकॉर्डॅक या नावाने धंदा सुरू केला. १९३० च्या दशकात वर्तमानपत्रे रिळांवर जाऊ लागली. वर्तमानपत्रांना रीळ ठीकच, कारण तिथे तारखेमागून तारीख येते. पण चाळीस पानांचा एकच अहवाल हवा असेल तर शंभर फुटांचे रीळ गुंडाळत बसावे लागे. फिशचे तसे नव्हते. एक अहवाल, एक फिश, एक पाकीट, एक तिकीट.

म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या अणुऊर्जा, अवकाश आणि संरक्षण खात्यांनी आपले तांत्रिक अहवाल फिशवर आणले. आधी प्रत्येकाचे माप वेगळे होते. मग प्रमाणित आराखडा ठरला : साठ चौकटी. पुढे २४ पट आकसून सात रांगा आणि चौदा स्तंभ, म्हणजे ९८ चौकटी, हा आराखडा रूढ झाला. हौशींची मजल याहून लांब गेली होती. एनसीआर कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात १,२४५ पानांचे अख्खे बायबल दोन इंची चौकोनी फिल्मवर दाखवले आणि तशा प्रती १९७१ साली अपोलो १४ बरोबर चंद्रावर जाऊन आल्या. वाचनालयांच्या कपाटांत मात्र ९८ चौकटींची साधी फिशच भरत गेली.

मराठी पुस्तकांचा या कपाटांशी संबंध आला तो गव्हामुळे. पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकेने भारताला धान्य विकले, त्याची किंमत रुपयांत घेतली, आणि त्या रुपयांतला थोडा भाग पुस्तके विकत घेण्यावर खर्च केला. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून दिल्लीतल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तके अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे धाडायला सुरुवात केली. रेशनच्या दुकानातला गहू ज्यांनी निवडून खाल्ला, त्यांच्या भाषेतल्या कथा-कादंबऱ्या त्याच पैशातून सातासमुद्रापार गेल्या. पुस्तकांचा कागद आम्लधर्मी, पिवळा पडून चुरा होणारा. म्हणून हेच कार्यालय पुढे ती फिशवर उतरवू लागले. परदेशी ग्रंथालयांच्या तालिकांत भारतीय पुस्तकांच्या नोंदीखाली '११ × १५ सें.मी.' असे माप दिसते ते पुस्तकाचे नव्हे, फिशचे. इकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या पोथ्यांचे चित्रण दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने केले, तेही फिल्मवरच. आणि गोव्याचे पोर्तुगीज दप्तर त्याआधी, १९५० च्या दशकात, लिस्बनच्या फिल्म संग्रहासाठी टिपले गेले होते.

फिशच्या भर ज्वानीत एक विचित्र गोष्ट घडली. १९६०-७० च्या दशकांत संगणकाचे निकाल कागदावर छापायचे तर गाडाभर कागद लागे. म्हणून पडद्यावरची अक्षरे थेट फिल्मवर टिपणारी यंत्रे आली. ४८ पट आकसलेल्या अशा एका फिशवर २७० पाने मावत. बँकांच्या खतावण्या, मोटारींच्या सुट्या भागांच्या याद्या, ग्रंथालयांच्या तालिका अशा फिशींवर उतरल्या. फिश निघाली की चुंबकीय टेप पुसून पुन्हा वापरायला मोकळी. म्हणजे जो मजकूर जन्मतःच डिजिटल होता, तो फिल्मवर आणून मूळ डिजिटल रूप टाकून दिले गेले. आणि आज त्याच फिशी स्कॅन करून, अक्षरे ओळखून, तो मजकूर परत संगणकात भरला जातो. टेप महाग आणि फिल्म स्वस्त होती तोवर हा व्यवहार चोख होता. व्यवहार चोख असला की पुढचे कोणी बघत नाही.

उलट दिशेचा पहिला मोठा प्रयोग येल विद्यापीठाचा. १९९१ साली सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट ओपन बुक'ने फिल्मवरची १०,००० पुस्तके डिजिटल करायचे ठरवले. झाली सुमारे २,०००. मेख स्कॅनरच्या वेगात थोडी आणि बाकीच्या कामात फार होती. फिल्म चित्रित करणाऱ्याने पाने कशी धरली, कुठे कोरे पान सोडले, कुठे एकच पान दोनदा टिपले, हे सारे कोणीतरी बसून तपासायला लागते आणि प्रत्येक चित्राला पुस्तकातला खरा पान क्रमांक द्यावा लागतो.

स्कॅनिंगमागचे गणित साधे आहे. छापील पान नीट वाचायला इंचाला ३०० बिंदू लागतात असे धरले, तर २४ पट आकसलेल्या फिल्मवर स्कॅनरला इंचाला ७,२०० बिंदू टिपावे लागतात. ए-४ आकाराच्या एका पानाचे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. करड्या छटांत, न दाबता ठेवले तर ९८ पानांची एक फिश साडेआठशे मेगाबाइट खाते. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात ठेवले तर याचा आठवा भाग, आणि फॅक्ससाठी तयार झालेल्या ग्रुप-४ पद्धतीने दाबले तर त्याहूनही कितीतरी कमी. सुरुवातीच्या बऱ्याच फाइली काळ्या-पांढऱ्याच निघाल्या त्या साठवणीच्या या खर्चापायी.

यंत्रे दोन तऱ्हेची. काही फिशला चौकटीमागून चौकट सरकवत टिपतात. काही अख्खी फिश पट्ट्यापट्ट्यांनी टिपतात आणि नंतर संगणक तिचे तुकडे करतो. दुसरी तऱ्हा वेगवान, पण चौकटी सरळ रेषेत असतील तरच. जुन्या कॅमेऱ्याचा चालक दमला असेल तर रांग तिरकी जाते आणि संगणक एका पानाची मान दुसऱ्याच्या धडावर बसवतो. फिल्म काचेखाली दाबली की इंद्रधनुषी वलये उमटतात, न दाबली तर ती बाकते आणि कडा अंधूक येतात. फिल्मची जातही पाहावी लागते. मूळ फिश चांदीच्या क्षारांची. वाटायच्या प्रती डायझो रंगाच्या, ज्या उजेडात विटतात, किंवा व्हेसिक्युलर, ज्यांत अक्षर म्हणजे सूक्ष्म बुडबुड्यांची रास असते. अ‍ॅसिटेटच्या फिल्मला जुनेपणी व्हिनेगरचा वास सुटतो आणि ती आक्रसते. तिला वाट पाहायला लावता येत नाही.

देवनागरीला यात वेगळाच त्रास. फिल्मवर ०.०२ मिलिमीटरचा धुळीचा कण पडला तर २४ पट मोठा होऊन तो जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका होतो, म्हणजे बेताच्या टायपातला अनुस्वार. रोमन लिपीत असा ठिपका बहुधा कचरा म्हणून सुटतो. मराठीत तो 'मद'चा 'मंद' आणि 'रग'चा 'रंग' करतो. झिजलेल्या खिळ्यांनी छापलेली शिरोरेषा फिल्मवर तुटली की ओसीआर एका शब्दाचे तीन करते. फिश आधी हलक्या हाताने पुसणे हे वरकरणी किरकोळ काम मराठीपुरते तरी मुद्रितशोधनच ठरते.

फिल्मने जे टिपलेच नाही ते स्कॅनरला आणता येत नाही. अहवालांची फिल्म मुद्दाम काळे-पांढरे ठळक दाखवणारी असे. तिच्यावर छायाचित्रांचे काळे डबके होते, पेन्सिलीच्या खुणा आणि रंग नाहीसे होतात. मूळ कागद जपला असेल तर प्रश्न नाही. पण जागा वाचवणे हाच फिशचा मोठा मोह होता आणि चित्रण झाल्यावर बऱ्याच ठिकाणी कागद रद्दीत गेला. वर्तमानपत्रांच्या बाबतीतल्या या प्रकाराबद्दल निकल्सन बेकर यांनी २००१ साली 'डबल फोल्ड' या पुस्तकात अमेरिकी ग्रंथालयांना धारेवर धरले. त्यांचा सूर तिखट आहे, पण रोख खोटा नाही.

काही वेळा उलट, फिशमध्ये नको तेही टिपलेले निघते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या एरिक या संग्रहाने १९६६ पासूनचे अहवाल फिशवर शेकडो ग्रंथालयांना पुरवले होते. २००० च्या दशकात त्यांतले सुमारे ३,४०,००० दस्तऐवज स्कॅन झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये लक्षात आले की जुन्या कागदांत लोकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि खासगी तपशील आहेत. कपाटातल्या फिशवर ते दशकानुदशके कोणाच्या डोळ्यांवर आले नव्हते. शोधयंत्राला ते क्षणात सापडले असते. हजारो फाइली तात्पुरत्या बंद करून त्या तपासून सोडाव्या लागल्या.

स्कॅन झाल्यावर फिशचे काय करायचे, याचे उत्तर बहुतेक अभिलेखागारे एकच देतात : टाकायची नाही. पॉलिएस्टरवरची चांदीची फिल्म थंड, कोरड्या जागी पाचशे वर्षे टिकावी अशी अपेक्षा धरतात. युटाच्या डोंगरात वंशावळींची २४ लाख रिळे ठेवणाऱ्या फॅमिलीसर्चने २०२१ साली त्यांचे डिजिटलीकरण पुरे केले, तरी रिळे डोंगरातच आहेत. आणि २०१७ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर, जुन्या कोळशाच्या खाणीत, डिजिटल फाइलीच काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवून ठेवल्या जात आहेत. अजिंठ्याच्या चित्रांच्या डिजिटल प्रतीही तिथे पोचल्या आहेत. त्या फिल्मवर ठिपके कसे वाचायचे याच्या सूचनाही लिहिलेल्या असतात. त्या भिंगातून वाचता येतात.