शब्दवेध : पॅरासाइट

फुकट्याला आपण बांडगूळ म्हणतो, इंग्रजीत तोच ‘पॅरासाइट’. पण मूळ ग्रीक ‘पारासितोस’ मानाचा गडी होता. ‘पारा’ म्हणजे शेजारी, ‘सितोस’ म्हणजे धान्य, अन्न. देवळातल्या यज्ञभोजनाला पुजाऱ्यांच्या पंगतीत बसणारा तो. पुढे अथेन्सच्या विनोदी नाटककारांनी हे नाव श्रीमंतांची हांजी हांजी करून जेवण उपटणाऱ्याला चिकटवलं, आणि मान गेला तो गेलाच. रोमन नाटककार प्लाउटसने अशा एका पात्राचं नावच ‘कुरकुलिओ’ ठेवलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धान्यातला किडा. (नाव ठेवावं तर असं!) जीवशास्त्राने ‘पॅरासाइट’ हा शब्द उचलला तो कितीतरी शतकांनी. तेव्हा नाव मुळात माणसाचं. जंतांना ते आयतंच मिळालं.