ओठांवरचा लाल रंग : लाखेपासून लिपस्टिकपर्यंत

आजचा विषय आहे लिपस्टिक. निवृत्त फौजी आणि लिपस्टिक ही जोडी काहींना विचित्र वाटेल. पण लाल रंगाचा इतिहास उघडला की सुरुवातीलाच सैन्य भेटतं.

ब्रिटिश सैन्याचा कोट लाल होता, हे आपण सगळे जाणतो. त्या लाल रंगातही हुद्दा होता. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठाच्या कुळातल्या एका मुळाने रंगवलेला असे. अधिकाऱ्याचा कोट कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढलेल्या, जास्त तेजस्वी रंगाचा. हा किडा मेक्सिकोकडचा, निवडुंगावर वाढणारा, आणि त्याच्या व्यापारावर स्पेनची पकड. म्हणून 18व्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या लोकांनी तो मद्रासकडे वाढवायची खटपट केली. त्यातून फारसं काही हाती लागलं नाही. गंमत अशी, की लाल रंग देणारा किडा आपल्या जंगलात आधीपासूनच होता. तो म्हणजे लाखेचा किडा.

पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हा किडा बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतो. त्या कवचातून दोन गोष्टी मिळतात : राळ आणि लाल रंग. हाच रंग संस्कृतात अलक्तक, मराठीत अळिता, बंगालात आलता. पायाला लावायचा अळिता आपल्याला माहीत आहे. पण तो ओठांनाही लावत असत.

याचा पुरावा वात्स्यायनाच्या कामसूत्रात आहे. हा ग्रंथ साधारण तिसऱ्या शतकातला मानतात. त्यात शहरातल्या सुखवस्तू नागरकाची दिनचर्या दिली आहे. सकाळची आन्हिकं उरकून, उटी, धूप, माळ झाल्यावर तो मेण आणि अलक्तक लावतो, आरशात पाहतो आणि विडा घेतो. लक्षात घ्या, हा नागरक पुरुष आहे! आणि त्याने वापरलेल्या वस्तू कोणत्या? मेण आणि रंग. आजच्या लिपस्टिकचा सांगाडाही हाच : मेण, तेल आणि रंग.

आपल्या घरातही ही जोडी होती. आजी कपाळाला आधी बोटाने मेण लावायची आणि त्यावर कुंकू टेकवायची. मेणामुळे कुंकू घामाने ओघळत नसे. ते कुंकू हळदीचं. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते. सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, ते याच विद्येवर. मात्र हळदीचा हा लाल रंग क्षार असेपर्यंतच टिकतो. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. म्हणून कपाळाला जे चालतं ते ओठाला चालेलच असं नाही.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. लाल रंगाचे आणखी दोन जुने उगम आहेत : शेंदूर आणि हिंगूळ. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग, जे खाणीतही सापडतं. दोन्ही शेकडो वर्षं आपल्याकडे वापरात आहेत. हिंगूळ तर अस्सल निसर्गदत्त. पण पारा आणि शिसं शरीरात साठतात. लहान मुलांच्या मेंदूला आणि गर्भाला शिसं सर्वांत घातक. मारुतीच्या मूर्तीला शेंदूर चढवणं वेगळं आणि तोच रंग ओठातून पोटात जाणं वेगळं. हा प्रश्न जुना झालेला नाही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथले आणि भारतातले मिळून 118 सिंदुराचे नमुने तपासले आणि 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुसंख्य नमुन्यांत शिसं आढळलं.

म्हणून माझा मुद्दा एवढाच आहे : नैसर्गिक हा शब्द वस्तू कुठून आली ते सांगतो, ती सुरक्षित आहे की नाही ते सांगत नाही.

मग लाखेचा रंग गेला कुठे? 1856 मध्ये विल्यम पर्किनने इंग्लंडमध्ये पहिला कृत्रिम रंग बनवला आणि पुढच्या काही दशकांत डांबरापासून काढलेल्या स्वस्त रंगांनी बाजार व्यापला. लाखेच्या रंगाचा व्यापार बसला. राळेला मात्र मागणी राहिली, कारण जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्याच असत. राळ हवी म्हणून लाख धुवायची आणि लाल पाणी गटारात सोडून द्यायचं, असा प्रकार सुरू झाला. रांचीजवळ नामकुम इथे 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. धुण्याच्या पाण्यातून हा रंग परत मिळवण्याचं तंत्र आज उपलब्ध आहे. झारखंड, छत्तीसगडमधल्या ज्या आदिवासी कुटुंबांचा लाखेवर हातखर्च चालतो, त्यांच्यासाठी हा रंग म्हणजे वाहून जाणारी कमाई आहे.

इकडे लिपस्टिक धातूच्या नळीत आली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, अमेरिकेत. आपल्याकडे 1952 मध्ये टाटांच्या तेल कंपनीने लॅक्मे सुरू केली. परदेशी प्रसाधनांवर जाणारं चलन वाचावं हा त्यामागचा हेतू. लक्ष्मी या नावाचं ते फ्रेंच रूप.

आज गावोगावच्या बचत गटांत हर्बल लिपस्टिक बनवली जाते. हा चांगला उद्योग आहे, पण काही गोष्टी नीट समजून करायला हव्यात. पहिली, बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, मेणात आणि तेलात मिसळत नाही. रस घातला तर ठिपके पडतात, आणि पाण्यामुळे बुरशी येते. शेंदरीच्या बियांचा केशरी रंग तेलात उतरतो. लाखेचा रंग तुरटीने बसवून, वाळवून, बारीक वाटून घालावा लागतो. दुसरी, मेण, एरंडेल आणि कोकणातलं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, हा पाया उत्तम. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यातही कांडी उभी राहते. तिसरी, लाख हा किड्याचा रंग आहे. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगा, वनस्पतिजन्य म्हणून विकू नका.

आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची. विक्रीसाठी बनवत असाल तर परवाना लागतो. आपल्या नियमांनुसार प्रसाधनातल्या रंगात शिसं 20 पीपीएम आणि आर्सेनिक 2 पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. लिपस्टिकसाठी भारतीय मानक आहे, आयएस 9875. रंगाची प्रत्येक नवी खेप प्रयोगशाळेत तपासून घ्या, कारण मातीतलं शिसं मुळांतूनही येऊ शकतं.

फौजेत एक गोष्ट पक्की शिकवतात : विहिरीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तपासल्याशिवाय जवानाला प्यायला द्यायचं नाही. ओठांवरच्या रंगालाही हाच नियम लावा. दुकानात हर्बल असं लिहिलेली लिपस्टिक हातात आली तर उलटी करून घटक, परवाना क्रमांक आणि बनवणाऱ्याचा पत्ता वाचा. हे तीन नसतील तर ती परत ठेवा. पुढच्या भागात निळीचा इतिहास पाहू. जय हिंद.