केपच्या वनस्पती, अ‍ॅम्स्टरडॅमचे पुस्तक

आफ्रिकेतील वनस्पतींवरील आरंभीच्या सचित्र ग्रंथांचा विचार करू लागलो की आम्हांला दोन लॅटिन शब्दांपाशी थांबावे लागते. योहानेस बर्मन या डच वैद्याने १७३८-३९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे ‘रारिओरम आफ्रिकानारम प्लांटारम’ हा ग्रंथ दहा-दहा चित्रांच्या दहा भागांत प्रसिद्ध केला. त्याच्या लांबलचक शीर्षकात ‘आद विवुम’ हे शब्द येतात. जिवंत वनस्पती समोर ठेवून रेखाटलेली, असा त्यांचा अर्थ. बर्मनने स्वतः केपची भूमी कधी पाहिली नव्हती. आणि त्याच्या शंभर चित्रांपैकी पुष्कळांचे मूळ अर्ध्या शतकापूर्वीच्या रेखाटनांत होते.

ती रेखाटने हेन्ड्रिक क्लॉडियस याची. हा ब्रेस्लाऊचा औषधविक्रेता बटाव्हियाहून केपला आला तो वनस्पतींची चित्रे काढण्यासाठीच. ऑगस्ट १६८५ मध्ये केपचा प्रमुख सिमोन व्हॅन डेर स्टेल नामाक्वालँडकडे निघाला, तेव्हा क्लॉडियस त्याच्याबरोबर होता. मोहीम फुलांसाठी नव्हती. डच ईस्ट इंडिया कंपनीला तांबे हवे होते. तांब्याचे डोंगर सापडले, फायदा मात्र पदरी पडला नाही. उरली ती कोरड्या माळावरील झाडाझुडपांची चित्रे. पुढे तीच चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरली जावीत, हा योगायोग आम्हांला गमतीचा वाटतो.

क्लॉडियसला त्याचे फळ वेगळेच मिळाले. सयामला जाणाऱ्या फ्रेंच जेझुइटांना त्याने आपली चित्रे आणि माहिती दाखवली. गी ताशार याने १६८६ मध्ये आपल्या प्रवासवर्णनात त्याचा कृतज्ञतेने उल्लेख केला, आणि त्या कृतज्ञतेनेच घात केला. कंपनीने क्लॉडियसला केपमधून हद्दपार केले. कंपनीच्या लेखी वनस्पतीचे चित्र नकाशाइतकेच गुप्त होते. या ग्रंथांकडे केवळ सौंदर्यदृष्टीने पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी, असे आम्हांला वाटते.

ज्या वर्षी ही मोहीम निघाली, त्याच वर्षी कंपनीचा आयुक्त म्हणून केपला येऊन गेलेला मनुष्य म्हणजे ‘हॉर्तुस मलबारिकुस’चा कर्ता हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड. त्याच्या बारा खंडांपैकी पहिला १६७८ मध्ये निघाला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचे प्रमाणपत्र देवनागरी अक्षरांत छापलेले आहे. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचेही आहे. मराठी वाचकाला त्या पानाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे औदार्य नव्हे. ग्रंथाच्या विश्वासार्हतेसाठी साक्षीदार हवे होते, आणि लिहू शकणारे, सही करू शकणारे विद्वान ती साक्ष देऊ शकत होते. रानातून फांद्या तोडून आणणारे तेथेही निनावीच राहिले.

केपकडे साक्ष मागण्याची ही पद्धतच पोहोचली नाही. नामा लोकांचे ज्ञान लिखित नव्हते. म्हणून ते कुणाचे, हा प्रश्न युरोपीय संपादकांना पडला नसावा. तरी मोहिमेच्या दैनंदिनीची जी सचित्र प्रत डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सापडली आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली, ती या दृष्टीने छापील ग्रंथापेक्षा आम्हांला अधिक मोलाची वाटते. चित्रांशेजारी स्थानिक नावे आहेत, उपयोग आहेत. नामा लोक चघळत असत त्या ‘कन्ना’ या झुडपाची ओळख युरोपला होत गेली ती अशाच नोंदींतून. नोंद करणारे लिहितात की नामाक्वा लोक याला असे म्हणतात. कोणत्या माणसाने, कोणत्या मुक्कामी, ते झुडूप हातात धरून सांगितले, ते लिहीत नाहीत.

बर्मनचे नाव लिनेअसने एका प्रजातीला दिले: बर्मानिया. १७३५ मध्ये तो अ‍ॅम्स्टरडॅमला बर्मनच्याच घरी पाहुणा होता.